चौथी तक्रार

"हेरवाडकर, गुरुवारपर्यंत मला तीन तक्रारी पाहिजेत," दादा म्हणाले.

"कसल्या तक्रारी?"

"कसल्याही. फक्त लई तिखट नकोत."

संग्रामदादा आमच्या फौंड्रीचे मालक. सोमवारची सकाळ होती, त्यांच्यासमोर चहा होता आणि माझ्यासमोर पुण्याच्या ऑडिटवाल्यांकडून आलेली ईमेल. ईमेलमध्ये लिहिलं होतं की तुमच्या तक्रारपेटीत अकरा महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही, आणि ही बाब संशयास्पद आहे. गुरुवारी ऑडिट होतं.

तक्रार नाही म्हणून तक्रार! मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. आम्ही ट्रकचे हब ओतायचो, म्हणजे ज्याच्यावर चाक बसतं तो बिडाचा मधला भाग. मी एकोणीस वर्षं टाइम ऑफिसात लोकांची हजेरी सांभाळत होतो. मग माल परदेशी जायला लागला आणि तिकडच्या गिऱ्हाइकानं कळवलं की तुमच्याकडे एक एथिक्स ऑफिसर हवा. दादांनी ऑफिसभर नजर फिरवली. त्या वेळी रिकामा दिसणारा मी एकटाच होतो. पगार तोच राहिला, छातीवर बिल्ला नवा आला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

बिल्ल्याबरोबर बासष्ट पानी नियमावली आली, दर सोमवारची शपथ आली आणि तक्रारपेटी आली. पहिल्या वर्षी ऑडिटला आलेल्या बाईंनी विचारलं, "पेटीच्या सुरक्षिततेसाठी काय केलंत?" काही केलं नव्हतं. म्हणून मी पेटीच्या बरोबर वर एक कॅमेरा बसवून घेतला. बाईंनी समाधानानं टिक केली. त्यानंतर त्या पेटीत चिठ्ठी टाकायची कुणाची छाती होणार, हा विचार बाईंच्या डोक्यात आला नाही आणि माझ्याही नाही. पेटीवर मात्र मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आपलं नाव गुप्त राहील.'

आता तक्रारी आणायच्या कुठून? मी गेटवरच्या महादेवला गाठलं.

"महादेवा, एक तक्रार लिही की."

"कुणाची?"

"कुणाचीही. चहाची लिही."

"आनि उद्या कँटीनवाल्यानं मला चहा दिला न्हाई म्हंजे? त्याची तक्रार परत तुमच्याकडंच का?" मग हळूच म्हणाला, "आनि टाकताना कॅमेऱ्याकडं त्वांड करायचं का पाठ?"

दोन दिवस मी असा कारखानाभर तक्रारींची भीक मागत फिरलो. ज्या माणसांना मी एकोणीस वर्षं कुरकुरताना ऐकलं होतं, ती सगळी अचानक सुखी झाली होती. "आमाला काय कमी हाय साहेब?" म्हणायची आणि कामाला लागायची. शेवटी तिघांना हाताशी धरून मीच मजकूर सांगितला. चहा पातळ आहे. सायकल स्टँडचा पत्रा गळतो. कपडे बदलायच्या खोलीतला नळ बंद होत नाही. तिघांनी पेटीत टाकल्या, एकानं टाकताना वर कॅमेऱ्याला नमस्कार केला.

मंगळवारी संध्याकाळी मी पेटी उघडली. आत चार पाकिटं होती.

चौथ्यात कॉम्प्युटरवर छापलेल्या चार ओळी होत्या. 'अठरा तारखेच्या हीटची कांडी नापास आहे. ती बिस्किटासारखी तुटली. वहीत जावयाचा आकडा लिहिला आहे. त्या हीटचे एकशे चाळीस हब शुक्रवारी जाणार आहेत. ते थांबवा.' खाली नाव नव्हतं.

हे समजायला जावई म्हणजे काय ते सांगावं लागेल. भट्टीच्या प्रत्येक ओतीला आम्ही हीट म्हणतो. प्रत्येक हीटबरोबर त्याच लोखंडाची एक लहान कांडी ओततात. ती लॅबमध्ये मशीनवर ओढून तोडायची आणि किती ताणाला तुटली तो आकडा वहीत लिहायचा. कांडी लवकर तुटली तर त्या हीटचा सगळा माल पुन्हा भट्टीत टाकायचा, असा नियम. पण आमच्या लॅबच्या कपाटात खालच्या खणात चांगल्या हीटच्या पाच-सहा जादा कांड्या कायम ठेवलेल्या असत. एखादी कांडी थोडक्यात नापास झाली की त्यातली एक काढून तोडायची आणि तिचा आकडा लिहायचा. या कांड्यांना जावई म्हणत, कारण एरवी काही काम नाही आणि वेळ आली की मान मोठा. याला खोटं म्हणतात हे आमच्यापैकी कुणी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. 'माल चांगलाच आहे हो, कांडीच दळभद्री निघाली,' अशी बोलायची पद्धत होती. मलाही ते ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं.

पण बिस्किटासारखी तुटली म्हणजे थोडक्याचा मामला नव्हता. असा हब घाटात भरल्या ट्रकखाली फुटला तर काय होईल, हे हजेरी मांडणाऱ्या माणसालाही कळत होतं.

नियमावलीत लिहिलं होतं, गंभीर तक्रार सर्वोच्च अधिकाऱ्याला दाखवावी. मी पाकीट घेऊन दादांकडे गेलो. तिथं वर्क्स मॅनेजर पोतनीस साहेब बसले होते, लॅबही तेच सांभाळायचे. दादांच्या वडिलांनी त्यांना पुण्याहून आणलं होतं. शांत, टापटिपीचे, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. दादांनी चिठ्ठी वाचली, पोतनिसांकडे दिली. पोतनिसांनी ती चष्मा वर करून वाचली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"हे कुणी लिहिलं?" दादा म्हणाले.

मला वाटलं होतं, पहिला प्रश्न 'हे खरं आहे का?' असा येईल.

"दादा, माल आधी थांबवायला..." मी सुरुवात केली.

"माल कुठं पळून जातोय? शुक्रवार लांब आहे. गुरुवारी ऑडिट आहे, हेरवाडकर! हा कागद त्या बाईच्या हातात पडला तर काय होईल? लॅबमध्ये किती माणसं आहेत? दोन. एक हे साहेब, आणि एक चौगुले वहिनी. साहेब तर माझ्यासमोर बसलेत." दादा पोतनिसांकडे वळले. "काय साहेब?"

"चौकशी व्हायला हवी," पोतनीस म्हणाले. "रीतसर."

"तुम्ही उद्या सकाळी कॅमेरा बघा," दादा मला म्हणाले. "अकराला वहिनींना घेऊन या."

सुलभा चौगुले लॅबमध्ये अकरा वर्षं कांड्या तोडत होत्या. त्यांचा नवरा आधी आमच्याकडेच कामाला होता, म्हणून सगळ्यांच्या त्या वहिनी. नवऱ्याची कंबर कायमची गेली तेव्हा दादांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, वहिनींना लॅबमध्ये घेतलं. मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. घरात मिळवणारं माणूस त्या एकट्याच. ही नोकरी गेली तर त्या घरात काय शिजणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बुधवारी सकाळी दार लावून मी रेकॉर्डिंग बघत बसलो. मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बारा पन्नासला पडद्यावर पोतनीस साहेब आले. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. रुमालानं मान पुसली. पेटीत पाकीट टाकलं, चार पावलं गेले आणि परत येऊन फटीत बोट घालून बघितलं की ते नीट आत पडलंय की नाही. वर मात्र बघितलं नाही. कॅमेऱ्याच्या खरेदीवर सही या माणसाची होती!

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. कारखान्याचा दोन नंबरचा माणूस. एक फोन उचलून 'माल थांबवा' म्हणाला असता तर थांबला असता. निदान दादांना तोंडावर सांगता आलं असतं. ते सोडून हा माणूस चोरासारखी चिठ्ठी टाकतो आणि वर 'रीतसर चौकशी' मागतो.

मी नियमावली काढली. पान सतरा. 'कोणत्याही परिस्थितीत तक्रारदाराची ओळख उघड करू नये.' त्या बासष्ट पानांत मला मनापासून पटलेलं हे एकच वाक्य होतं. आता नाव सांगावं तर नियम मोडतो, न सांगावं तर वहिनी अडकतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी ठरवलं की तोंड उघडायचं नाही. नियम आहे, आपण नियमानं वागायचं. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला, हे सांगायला हवं.

अकरा वाजता दादांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. वहिनी उभ्याच राहिल्या.

"वहिनी, हे तुम्ही लिहिलं?"

वहिनींनी कागद वाचला. सावकाश वाचला. "न्हाई."

"मग कोणी?"

"मला इचारू नका. पन ह्यात खोटं काय हाय?"

दादांना हे अपेक्षित नव्हतं. "म्हणजे?"

"कांडी तुटली ती माझ्या हातानं. बिस्किटागतच तुटली. जावई काढला तोबी मीच, आकडाबी मीच लिवला. ती तुटकी कांडी अजून मशीनखाली पडलीया, बघायची आसंल तर आनते."

पोतनीस खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, राखेचा ढीग होता.

"वहिनी," दादांचा आवाज मऊ झाला, आणि त्यांचा आवाज मऊ झाला की मला भीती वाटायची. "आबांनी तुम्हाला अडीअडचणीला कामावर घेतलं. घरातली गोष्ट घरात बोलायची असते. माझ्याकडं यायचं होतं. पेटीत कशाला टाकायचं?"

"मी टाकलं न्हाई."

"हेरवाडकर, कॅमेरा बघितला?"

"बघितला."

"वहिनीच ना?"

"नियमाप्रमाणे नाव सांगता येत नाही," मी म्हणालो.

दादांनी मान डोलावली. "झालं तर मग."

माझ्या बोलण्याचा काय अर्थ निघाला, हे मला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. 'वहिनी नाहीत' एवढं म्हणायला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. पण तसं म्हणालो असतो तर दुसरा माणूस त्याच खोलीत बसला होता, आणि दादांना दोनातून एक वजा करता येत होता. मी पोतनिसांकडे बघितलं. आता बोला, मी मनात म्हणत होतो, आता तरी बोला हो! त्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"उद्यापासून येऊ नका वहिनी," दादा म्हणाले. "कागदपत्रं हेरवाडकर करतील."

वहिनींनी एकदा पोतनिसांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बाहेर गेल्या.

अर्ध्या तासानं त्या टाइम ऑफिसात आल्या. मी राजीनाम्याचा फॉर्म समोर ठेवून बसलो होतो. माझा पेन चालत नव्हता, म्हणजे मी चालवत नव्हतो.

"वहिनी, मला ठाऊक आहे, तुम्ही टाकली नाही," मी म्हणालो.

"मग तितं का बोलला न्हाईसा भावजी?"

"नियम आहे. ज्यानं टाकली त्याचं नाव झाकायचं."

"पोतनीस साहेबांचं."

मी नियमावली जवळ ओढली. नियम!

"मला ठाऊक हाय," वहिनी म्हणाल्या. "मीच म्हनलं हुतं त्यास्नी. साहेब, माजं कोन ऐकतंय, तुमी सांगा दादास्नी. दोन दिस जेवले न्हाईत ते. मग म्हनले, पेटीत टाकतो."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत केबिनमध्ये? तुमची नोकरी गेली, बाई! ते समोर बसले होते!"

"वीस वर्सांत पयल्यांदा धाडस केलं त्या मानसानं. तेबी लपून. त्याला तितंच उघडं पाडायचं? पुना कदी केलं असतं का?"

मला त्यांचा राग आला. खरंच आला. पोतनिसांचा आला होता, दादांचा आला होता, स्वतःचा तर येतच होता, पण सगळ्यात जास्त या बाईचा आला. घरी आजारी नवरा, मुलीची फी, आणि ही पोतनिसांचं भलं बघतेय! मी तिरमिरीत नियमावली उघडली आणि पानं उलटू लागलो. पान एकोणतीसवर सापडलं. 'स्वतःचं नाव देऊन तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या कारणासाठी कामावरून काढता येणार नाही. तसं केल्यास ग्राहक माल घेणं थांबवेल.'

"वहिनी!" मी उभाच राहिलो. "सुटलात तुम्ही! दादा स्वतः म्हणतात ना तुम्ही लिहिलं म्हणून? मग म्हणू दे! या चौथ्या तक्रारीखाली मी तुमचं नाव घालतो, तुम्ही सही करा. उद्या ऑडिटच्या फाइलला लावतो. मग दादांचे वडील वरून उतरले तरी तुम्हाला काढता येणार नाही."

"पन मी लिवलं न्हाई ते."

"अहो, मजकूर तर खरा आहे ना?"

"मजकूर खरा. सही खोटी."

"वहिनी, एवढ्याशा सहीनं काय होतंय?"

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "अकरा वर्सं मी ह्योच इचार करून सही करत आले."

मी खाली बसलो. वहिनींनी माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, माझा पेन घेतला आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. अक्षर मोठं, शाळकरी. पाच मिनिटं लागली. बाहेर भट्टीचा भोंगा वाजला तरी त्यांनी मान वर केली नाही.

"पेटीत कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमच्याच हातात देते. वाचा हितंच."

मी वाचलं. अठरा तारखेची कांडी, खरा आकडा, वहीतला खोटा आकडा. त्याआधीच्या आठवल्या तेवढ्या सात तारखा. 'हे मी केलं आहे. पोतनीस साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, तरी सही माझी आहे. दादांना ठाऊक आहे. टाइम ऑफिसच्या हेरवाडकरांना ठाऊक आहे.' खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ.

"यात माझं नाव कशाला?" मी म्हणालो. "मी कधी लॅबमध्ये पाय ठेवला नाही."

"ठाऊक न्हवतं तुमास्नी?"

"होतं."

"मग?"

त्या टेबलापलीकडे उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते.

"तक्रार मिळाली म्हनून सही करा," वहिनी म्हणाल्या.

मी कागदाकडे बघत राहिलो. हा कागद फाइलला लागला की दादांचं माझ्यावरचं मन कायमचं उडणार, आणि ऑडिटच्या बाई पहिला प्रश्न मला विचारणार, की एवढी वर्षं तुम्ही काय करत होता? मला माझं घर दिसलं, माझ्या मुलाची शाळा दिसली. केबिनमध्ये गप्प बसलेल्या पोतनिसांना काय काय दिसलं असेल, तेही तेव्हा कळलं.

"भावजी, सही करा."

मी सही केली. खाली हुद्दा लिहायला लागलो तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. नुसतं नाव पुरं."

गुरुवारी ऑडिटच्या बाईंनी चहा, पत्रा आणि नळ या तिन्ही तक्रारी बघून मान डोलावली, मग तो कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. दुपारी लॅबचं कपाट उघडलं गेलं. पोतनीस साहेबांना बोलावलं तेव्हा त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, कुणी न विचारलेलंही. एकशे चाळीस हब पुन्हा भट्टीत गेले. गिऱ्हाइकानं चार महिने माल घेतला नाही. दादा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, वहिनींशी त्याहून जास्त दिवस. पण काढता मात्र आलं नाही. वहिनी त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर, रिटायर होईपर्यंत कांड्या तोडत राहिल्या.

आता त्या कारखान्यात माझ्या जागी चार जणांचा विभाग आहे. काचेची खोली आहे, टोल-फ्री नंबर आहे. वर्षातून एकदा ते मला शाल-श्रीफळ देऊन बोलावतात आणि नव्या लोकांना ही गोष्ट सांगायला लावतात. सगळे शांतपणे ऐकतात. मग कुणीतरी हात वर करतो, "सर, एथिक्स ऑफिसर म्हणून यात तुम्ही नेमकं काय केलंत?"

दरवर्षी हा प्रश्न येतो, आणि दरवर्षी मला तितकाच वैताग येतो, कारण उत्तर बदलत नाही. मिळाली म्हणून सही केली. तीही बाईनं दुसऱ्यांदा सांगितल्यावर.